झाकण दोन मिलिमीटरने मोठं

मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर डबे येतात. पहिलीची मुलं, सहा-सहा वर्षांची, एकामागे एक उभी राहतात आणि डबा पुढे करतात. झाकण उघडत नाही. तेच हात वहीत 'एस फॉर सॉ' सुबक लिहितात, करवतीच्या चित्रात रेषेबाहेर न जाता रंग भरतात, मोबाइलवर बोट सरकवून हवं ते गाणं काढतात. पण झाकण फिरवायला लागतो तो जोर मनगटात नाही. मी डबे उघडून देते. काही बोलत नाही. तशीही मी फारसं बोलत नाही.

भिलाईतल्या एका लहानशा इंग्लिश मीडियम शाळेत मी पहिलीची क्लास टीचर आहे. मी स्वतःही अशाच शाळेत शिकले. घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्लिश. एका भाषेतून दुसरीत जाताना माझं काहीतरी चुकायचं आणि कुणीतरी हसायचं, म्हणून मी गप्प राहायला शिकले. माझ्या प्रत्येक रिपोर्ट कार्डवर 'शाय' हा एक शब्द आहे. दरवर्षी वेगळ्या अक्षरात.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. खुर्सीपारच्या वस्तीतून यायची. वडील स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला, आई सेक्टरमधल्या, म्हणजे प्लांटच्या कॉलनीतल्या, दोन-तीन घरांत स्वयंपाक करायची. त्यांच्या घरात छत्तीसगढी. एप्रिलमध्ये वर्ग सुरू झाल्यापासून ती मुलगी वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला हात वर करायची. तहान लागली की बाटली दाखवायची. लिहायचं ते सगळं नीट लिहायची. पण आमच्या रिपोर्ट कार्डात 'ओरल' नावाचा एक रकाना असतो. तिमाहीला आणि सहामाहीला मी तिच्या त्या रकान्यात आडवी रेघ, म्हणजे 'नो रिस्पॉन्स', मारली होती.

दिवाळीनंतर मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रिन्सिपलनी, मला केबिनमध्ये बोलावलं. मार्चमध्ये तिसरी रेघ आली तर पालकांना समजवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. आमची शाळा कुणालाही काढत नाही. शाळा पालकांना समजावते, आणि मग पालक स्वतःच अर्ज लिहून टीसी घेऊन जातात. अर्जाचा मजकूरही ऑफिसमध्ये तयार असतो. मी मान हलवली आणि बाहेर आले. जिन्यात थांबून मी मोजलं. सुट्ट्या वजा जाता मार्चपर्यंत अकरा शनिवार उरत होते. शनिवारीच काय ते मला माझ्या मनासारखं करता यायचं. बाकी सगळे तास पोर्शनचे.

तिला बोलतं करायला मी जे जे सुचेल ते केलं होतं. बाहुल्या आणल्या. तिला एकटीला बसवून गोष्टी सांगितल्या. माझी छत्तीसगढी बाजारात भाव करण्यापुरतीच, पण तीही वापरून पाहिली. ती ऐकायची. डोळ्यांत सगळं कळायचं. तोंड बंद.

त्याच आठवड्यात एक दिवस मुलं ग्राउंडवर होती आणि ती वर्गातच राहिली होती. मी दारातून पाहिलं, तर ती खाली बसून काहीतरी ठोकत होती. बाकाची एक फळी कितीतरी दिवस निघालेली होती, सगळ्यांचे युनिफॉर्म तिच्या खिळ्यात अडकायचे. तिने बाहेरून एक दगड आणला होता. खिळा बोटाने सरळ धरून ती हळूहळू, आवाज होऊ न देता, तो आत घालत होती. फळी बसली. तिने तळहाताने ती दाबून पाहिली, मग दगड खिडकीतून बाहेर टाकला. मी आत गेले नाही.

त्या संध्याकाळी मी बाबांकडे विषय काढला.

बाबा प्लांटच्या पॅटर्न शॉपमधून रिटायर झाले. लोकांना वाटतं स्टील प्लांटमध्ये सगळं लोखंडच. पण फाउंड्रीत कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो. मग त्या लाकडाचा ठसा वाळूत घेतात आणि त्यात वितळलेलं पोलाद ओततात. बाबांनी तेहेतीस वर्षं ते लाकडाचे भाग केले. पोलाद थंड झालं की आक्रसतं, म्हणून लाकडाचा भाग थोडा मोठा करायचा. किती मोठा, याचा हिशेब दरवेळी करावा लागू नये म्हणून पॅटर्न शॉपमध्ये मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा केसभर मोठा. दिसायला साधी स्टीलची पट्टी. दहा सेंटीमीटर मोजलं तर दोन मिलिमीटर जास्त येतात.

अशी एक पट्टी रिटायरमेंटनंतर बाबांच्या थैलीत राहून गेली होती आणि आमच्या घरात बऱ्याच वस्तू तिच्यामुळे बिघडल्या आहेत. चपलांचा रॅक भिंतीतल्या खणात जात नाही. देवघराचा दरवाजा पूर्ण लागत नाही. बाबा घाईत नेमकी तीच पट्टी उचलायचे. आई दरवेळी कंबरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "हे बी थंडं झालं का बसन काय जागेवर?" बाबा हसायचे. मीही हसायचे. आमच्या घरातला तो जुना विनोद आहे.

लहान मुलांना लाकूडकाम शिकवाल का, असं विचारल्यावर बाबांनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, लहान पोरायले शिकवणं आपल्याला जमत नाही, शॉपमध्ये अठरा वर्षांची पोरं यायची तरी बोटं कापून घ्यायची. मी त्यांना त्या मुलीबद्दल सांगितलं. खिळ्याबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, खिळा वाकला का? मी म्हणाले, नाही. दगडाने ठोकून नाही वाकला? नाही. ते करवती शोधायला उठले.

मला एक गोष्ट इथे लिहायला हवी. बाबांनी मला कधी हातोडी दिली नव्हती. मी लहान असताना ते व्हरांड्यात रंधा मारायचे आणि मी शेजारी बसून भुगा आणि सालपटं गोळा करायचे. हात पुढे केला की म्हणायचे, तू अभ्यास कर. मी रागावले नाही. पण माझे हातही झाकण न उघडणाऱ्यांतलेच होते, हे मला आता कळत होतं.

मोठ्या मॅडमना पटवणं कठीण गेलं. "मिस, ये कारपेंटर बनाने का स्कूल है क्या?" त्यांनी विचारलं. मी घरून सगळी वाक्यं पाठ करून नेली होती. त्यातली दोनच बोलता आली. शेवटी मी म्हणाले की त्या मुलीच्या ओरलसाठी मला हा शेवटचा उपाय करून पाहायचा आहे. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि अनपेक्षितपणे एक सूट दिली. मार्चमध्ये पालकांसमोर वर्गाचं प्रदर्शन असतं. तिथे त्या मुलीने काही बनवलेलं मापून, जोडून, नीट करून दाखवलं, तर डेमॉन्स्ट्रेशन म्हणून ओरलच्या रकान्यात मार्क देता येतील. बोलली तर उत्तमच. पण वस्तू पूर्ण झाली पाहिजे. सगळ्यांसमोर.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी पेटी ठरवली. सरकत्या झाकणाची छोटी पेटी. खाचा ते घरून पाडून आणणार. बाकी मापं घेणं, कापणं, घासणं, खिळे मारणं मुलांनी करायचं. लाकूड फळांच्या रिकाम्या पेट्यांचं, मऊ.

पहिल्या शनिवारी निम्मी मुलं रडली. करवत अडकते आणि तो अडकण्याचा झटका थेट खांद्यापर्यंत येतो, हे त्यांना माहीत नव्हतं. स्क्रीनवर काही अडकलं तर बोटाने परत करता येतं. लाकडावर वाकडा काप गेला की तो तिथेच राहतो. एक मुलगा, जो रोज कुणाला ना कुणाला ढकलायचा, करवत हातात आल्यावर इतका घाबरून सावध झाला की शेजाऱ्याला "जरा सरक ना" म्हणाला. त्याच्या तोंडून तशी विनंती मी पहिल्यांदाच ऐकली. फळी एकट्याने कापता येत नाही, दुसऱ्याने धरावी लागते. कुणाला तरी 'धर' म्हणावं लागतं. आणि धरणाऱ्याने सोडायचं नसतं.

बाबांचा एकच नियम होता. मोठ्या माणसाने मुलाच्या हातातलं लाकूड घ्यायचं नाही. माझ्याकडून तो दर पाच मिनिटांनी मोडायचा. कुणाचा खिळा तिरका जायला लागला की माझा हात पुढे जायचा. बाबा लांबूनच म्हणायचे, "घेऊ नको त्याच्याजवळून. चुकू दे. कुठून चुकलं ते त्याले दिसलं पाहिजे."

हळूहळू जे झालं ते मी माझ्या वहीत टिपत गेले, कारण मार्चमध्ये मला पुरावा लागणार होता. बोटं आता पेन्सिल दाबून धरत नव्हती, अक्षरं सैल आणि गोल व्हायला लागली. वजाबाकीत अडणाऱ्या एका मुलीने फळीचे दोन तुकडे केल्यावर उरलेला तुकडा न मोजता सांगितला. डबे माझ्या टेबलावर यायचे बंद झाले नाहीत, पण कमी झाले. आणि चूक झाली की मुलं माझ्याकडे बघायची ती आता लाकडाकडे बघायला लागली. चुकलं म्हणजे आपण वाईट, असं नाही. कुठेतरी माप चुकलं, ते शोधायचं. मला हे सत्ताविसाव्या वर्षी माझ्याच वर्गात बसून कळत होतं.

त्या मुलीचं सांगते. लाकडाच्या तासाला ती वेगळी दिसायची नाही. बाकीच्या तासांत तिचं गप्प असणं सगळ्या वर्गाला दिसायचं. इथे मात्र काप घेताना सगळेच गप्प असायचे. ती फळी डोळ्याच्या रेषेत धरायची, एक डोळा मिटायची, मग घासायची. बाबांनी दोनदा दाखवलेलं तिसऱ्यांदा दाखवावं लागायचं नाही. घरी जाताना बाबा रिक्षात म्हणाले, "पॅटर्न शॉपमध्ये मले असे हात दोन-तीनच भेटले." बोलते का, असं मी विचारलं. "काय करतं बोलून," ते म्हणाले. पण मला रेघ दिसत होती. सात शनिवार गेले, आठ गेले. ती एक अक्षरही बोलली नव्हती. मला रात्री झोप नीट लागेना, दिवसा मी तिच्या ओठांकडे पाहत राहायचे, आणि ती ते ओळखून तोंड फिरवायची. मी तिच्यासाठी करत होते की त्या रकान्यासाठी, हे मलाच सांगता आलं नसतं.

दहाव्या शनिवारी बाबांचा बीपी वाढला. आईने त्यांना घरी थांबवलं. मी त्यांची थैली उचलून एकटीच गेले. त्या दिवशी झाकणांची मापं घ्यायची होती. तीस मुलं, आणि माझ्यात बाबांचा आवाज नाही. कुणी भुगा उडवत होतं, कुणाच्या बोटात काडी शिरली होती. त्या मुलीच्या टेबलावर पट्टी नव्हती, तिने रिकामा तळहात वर करून मला दाखवला. मी थैलीत हात घातला आणि हाताला लागलेली स्टीलची पट्टी तिला दिली.

बघितलं नाही. ज्या घरात इतकी वर्षं त्या एका पट्टीवरून हसणं चाललंय, त्या घरातली मी, आणि मी बघितलं नाही.

तिने दहा सेंटीमीटर मोजले, काटकोन लावून रेघ मारली, कापलं, घासलं. खाचेत घालून पाहण्याआधीच घंटा झाली. पेट्या कपाटात गेल्या. अकरावा शनिवार हॉल सजवण्यात गेला.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये टेबलं मांडली होती. एका बाजूला सायन्सचे चार्ट, एका बाजूला आमच्या पेट्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्या मुलीची आई कामावरून सुट्टी घेऊन आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. खुर्च्या रिकाम्या असूनही ती बसली नाही. मोठ्या मॅडम आणि कोऑर्डिनेटर मॅडम हातात मार्कशीट घेऊन टेबलाटेबलाने फिरत आल्या. मागे वीस-पंचवीस पालक.

मुलीने सगळं केलं. बाजू जुळवून दाखवल्या, काटकोन लावून कोपरा दाखवला, दोन खिळे मारले, एकही वाकला नाही. मागे कुणीतरी कौतुकाने हसलं. मग तिने झाकण खाचेत धरलं आणि सरकवलं.

गेलं नाही.

तिने फिरवून दुसऱ्या बाजूने धरलं. गेलं नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते झाकणाकडे पाहत नव्हते, टेबलावरच्या पट्टीकडे पाहत होते. मग माझ्याकडे. त्या एका नजरेत मला दहावा शनिवार पूर्ण दिसला.

मागचे एक गृहस्थ, प्लांटमध्येच ऑफिसर असावेत, बाबांना ओळखत होते. ते हसत म्हणाले, "बाऊजी, रिटायरमेंट सही टाइम पे हो गया आपका." चार-पाच जण हसले. बाबाही थोडंसं हसले. तेहेतीस वर्षांत त्यांचा एकही भाग माप चुकलं म्हणून परत आला नव्हता. त्यांनी सांगितलं नाही की पट्टी कुणी दिली.

माझा हात पुढे गेला. झाकण घ्यावं, पटकन घासावं, बसवून द्यावं. बाबांनी मान इतकी थोडी हलवली की दुसऱ्या कुणाला दिसलीही नसेल. मी हात मागे घेतला.

मुलीने झाकण खाली ठेवलं. ती रडली नाही, आणि माझ्याकडेही पाहिलं नाही. तिने शेजारच्या मुलाच्या कंपासमधून प्लॅस्टिकची पट्टी काढली आणि स्टीलच्या पट्टीला चिकटवून ठेवली. दोन्हींचे शून्य जुळवले. मग एक डोळा मिटून रेघा बघत गेली. एक, दोन, तीन. दहापाशी तिचं बोट थांबलं. रेघा जुळत नव्हत्या.

तिने वर पाहिलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ये पट्टी ह लबारी मारथे."

ही पट्टी खोटं बोलते.

भिंतीपाशी तिच्या आईने तोंडावर पदर धरला. एप्रिलपासून मार्च. तो आवाज जरा घोगरा होता, मी कल्पना केली होती तसा अजिबात नव्हता.

ती काय म्हणाली, असं कोऑर्डिनेटर मॅडमनी विचारलं. कुणीतरी हसत हिंदीत सांगितलं. त्या वाईट नाहीत. त्या खाली वाकल्या, तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "वेरी गुड. नाउ से इट इन इंग्लिश, बेटा."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग पट्टीकडे. आणि मी डोळ्यांनी पाहिलं, दरवाजा ओढून घेतात तसं तिचं तोंड बंद झालं. त्या थांबल्या. पालक थांबले. कुणीतरी मागून 'ट्राय, ट्राय' म्हणालं.

तेव्हा मी बोलले. माझा आवाज फाटला होता आणि मी हिंदीत सुरुवात करून मध्येच मराठीत गेले, पण बोलले. "नाप इसका सही है. पट्टी मैंने गलत दी. चूक माझी आहे, हिची नाही, बाबांचीही नाही."

मोठ्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, ते ठीक आहे, पण बोलणं पेटी पूर्ण होण्याचं झालं होतं. बाबा पुढे आले, हात जोडल्यासारखे धरून. "दहा मिनिटं द्या मॅडम, घासून बसवते ती." मॅडमनी घड्याळ पाहिलं. दुसरीचा डान्स लागायचा होता, मुलं मेकअप करून उभी होती. मार्कशीट पुढच्या टेबलाकडे गेली. पालक तिच्यामागे गेले.

मुलगी घासतच राहिली. म्युझिक सुरू झालं, टाळ्या झाल्या, खुर्च्या उचलायला लागले. ती दहा वेळा घासायची, घालून पाहायची, पुन्हा घासायची. बाबा शेजारी उकिडवे बसले होते, हात स्वतःच्या गुडघ्यांवर. मग झाकण गेलं. लोण्यात सुरी जावी तसं नाही. जरा अडून, कुरकुरत, पण शेवटपर्यंत गेलं. तिने ते पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. किती वेळा ते मला माहीत नाही. हॉलमध्ये तिची आई, बाबा, मी आणि झाडू मारणाऱ्या बाई एवढेच होतो.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. अक्षरं, वजाबाकी, 'जरा सरक ना'. दोन पट्ट्या शेजारी ठेवून चूक शोधणारी सहा वर्षांची मुलगी 'नो रिस्पॉन्स' कशी, असं विचारलं. ती बोलली, पूर्ण वाक्य बोलली, हॉलमध्ये बोलली. मी इतकं सलग कधीच कुणाशी बोलले नव्हते. मॅडमनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "अच्छा लगा मिस, आप भी बोलती हैं." मग म्हणाल्या की ओरल इंग्लिशचं असतं. आणि चार पालकांनी करवतीबद्दल तक्रार लिहून दिली आहे, तेव्हा पुढच्या वर्षी हा तास राहणार नाही.

रकाना मीच भरायचा होता. मी रेघ मारली नाही. 'स्पीक्स' लिहिलं, सही केली. रिपोर्ट कार्ड छापून आलं तेव्हा तिथे रेघ होती. ते कुणी केलं ते मी विचारलं नाही. मला अजून त्याची लाज वाटते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिची आई टीसी न्यायला आली. मुलगी सोबत होती, घरच्या फ्रॉकमध्ये, त्यामुळे आणखीच लहान दिसत होती. आई ऑफिसच्या बाकावर बसून तयार अर्जाखाली सही करत होती. तिने मला सांगितलं की आता मुलीला उतईला तिच्या आजीकडे ठेवणार, तिथल्या सरकारी शाळेत घालणार. तिथे मॅडमही छत्तीसगढी बोलतात म्हणे. ती रागावलेली नव्हती. उलट माझ्या वडिलांची तब्येत विचारत होती. मी नव्या शाळेतल्या शिक्षकांसाठी एक चिठ्ठी लिहून आणली होती. हिला करवत धरता येते, काटकोन तपासता येतो, हिचं माप चुकलं असं वाटलं तर आधी पट्टी तपासून पाहावी. ती घडी करून मी आईच्या हातात दिली. तिने ती ब्लाउजमध्ये नीट ठेवली. कुणी ती वाचेल असं मला वाटत नव्हतं, लिहिताना वाटत होतं.

मुलगी माझ्यासमोर उभी होती. तिने माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि माझ्याकडे पाहून, अगदी सहज, जणू आम्ही वर्षभर अशाच बोलत आलो होतो, विचारलं, "उहां घलो लकड़ी मिलही का?"

तिथेही लाकूड मिळेल का?

माझ्याकडे तिन्ही भाषा होत्या आणि चौथी बाजारापुरती. मी म्हणाले, "नइ जानंव." माहीत नाही. पण मला माहीत होतं, आणि तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. फळी पाहताना पाहायची तसं, एक डोळा किंचित बारीक करून. मग तिने ओढणी सोडली. आईने हात धरला. त्या दोघी गेटपर्यंत चालत गेल्या, पॉवर हाउस स्टेशनकडे जाणाऱ्या ऑटोत बसल्या, आणि ऑटो निघाल्यावर मी वर्गात परत आले. नवी पहिली आली होती. त्यांना डबे उघडून हवे होते.